भोपळ्याच्या पोटात स्पंज

छोटीनं पन्नाशी ओलांडली, केस निम्मे पांढरे झाले, वाचायचा चष्मा लागला, तरी ती छोटीच राहिली. ती पाळण्यात असताना थोरल्या भावानं, दादानं, ठेवलेलं ते नाव. पुढे भावानं बँड काढला तेव्हा ते पोस्टरवरही छापून आलं, ‘गिटारवर छोटी’. पोस्टर वाचून आलेले लोक स्टेजवर एखादी झिपरी पोर शोधायचे, आणि त्यांना दिसायची एक भरल्या अंगाची बाई, पोटाशी भलीमोठी नारिंगी गिटार धरून ढिम्म उभी असलेली.

गिटारही पाहणाऱ्याला तशीच चकवायची. जुन्या घडणीची, पण जुनी मुळीच नव्हे. कारखान्यातून बाहेर पडतानाच तिला म्हातारी करून पाठवलं होतं. कडांना काळपट होत गेलेला नारिंगी रंग, जुनाट पितळेसारख्या दिसणाऱ्या खुंट्या, आणि छातीवर व्हायोलिनला असतात तशी दोन लांब, वळणदार भोकं. आत सगळी पोकळ. हल्लीच्या इलेक्ट्रिक गिटारी म्हणजे चपट्या, भरीव फळ्या. ही मात्र पोट असलेली होती. बँडमध्ये सगळे तिला भोपळा म्हणायचे. लोक जवळ येऊन विचारायचे, “काय सुंदर आहे! वडिलांची का?” छोटी म्हणायची, “नाही.” “मग मिस्टरांची असेल.” “मिस्टर नाहीत. गिटार आहे.” यावर बहुतेकांना पुढे काय बोलावं ते सुचत नसे, आणि छोटीला तेच हवं असे.

तिनं ती स्वतः दुकानात जाऊन, स्वतः वाजवून घेतली होती. दुकानदारानं आधी तिच्या हातात एक चपटी, सडसडीत गिटार दिली होती. “ही घ्या, हलकी आहे. बायकांच्या खांद्याला बरी.” छोटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, दिवसभर यंत्रावर वाकून वाकून तिचे खांदे दगड झालेले. तिनं ती सडसडीत बया परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “खांद्याचं माझं मी बघते. ती वरची काढा.” ती वरची म्हणजे हा भोपळा.

आता भोपळ्याचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. पोकळ गिटारीचा आवाज मोठा केला की स्पीकरमधून निघालेला सूर परत तिच्याच पोटात शिरतो, पोट थरथरतं, तारा आपोआप हलायला लागतात, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर, पुन्हा पोटात. बघता बघता गिटार हंबरायला लागते. बोट लावलेलं नसतं, आणि दावणीची गाय ओरडावी तसा एकच सूर सगळ्या हॉलभर. लोक दचकतात, कानांवर हात ठेवतात.

म्हणून कार्यक्रमाआधी छोटी रिकाम्या स्टेजवर गिटार पूर्ण आवाजात ठेवून फेऱ्या मारायची. जिथं पोटात गुरगुर सुरू होईल तिथं खडूची फुली. फुलीवर उभं राहायचं नाही, ही तिची शिस्त. एखादी फुली तिच्या वाटेत आली तर दादाचा ढोल सरकायचा, तिची जागा नाही. हा नियम तिनंच केला होता, आणि दादानं तो कधी खुशीनं मानला नव्हता.

पण फुल्या चुकवता चुकवता तिला फुल्यांवर उभं राहणंही यायला लागलं होतं. तालीम संपली, सगळे चहाला गेले, की ती मुद्दाम फुलीवर जाऊन उभी राहायची. भोपळा हंबरायला लागला की ती एक पाऊल मागे घ्यायची, खांदा जरा वळवायची, तळहातानं तारा अर्ध्या दाबायची, आणि तो ओरडा हळूहळू सूर व्हायचा. लांबच लांब, न तुटणारा, माणसाच्या गळ्याला न झेपणारा सूर. तो धरून ठेवताना तिच्या बरगड्यांपर्यंत थरथर पोचायची. आयुष्यात दुसऱ्या कशानं तिला इतका आनंद दिला नव्हता, आणि हे सांगायला तिला अजिबात लाज वाटत नसे. एकदा तिनं दादाला म्हटलं, “एका गाण्यात हे घालूया का?” दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. “लोकांना पळवून लावायचंय का छोटे?” तो विषय तिथंच राहिला.

आणि मग हॉलचं बोलावणं आलं.

शहरातला तो नाचाचा मोठा हॉल. चकचकीत लाकडी जमीन, भिंतीलगत खुर्च्या, दर शनिवारी जोडपी नाचायला येतात. तिथल्या जुन्या बँडनं काम सोडलं होतं आणि मॅनेजर नवा बँड शोधत होता. हा मॅनेजर बारीक मिशीचा माणूस, समोरच्याशी बोलताना त्याच्या बुटांकडे बघणारा. तो यांचा एक कार्यक्रम ऐकून गेला, नेमका त्याच दिवशी एक फुली चुकून भोपळा हंबरला होता, आणि दुसऱ्या दिवशी दादाला म्हणाला, “बँड उत्तम. तुमच्या मिसेसचं गाणं उत्तम. फक्त ती मध्येच हंबरणारी गिटार नको. आमच्याकडे लोक शांतपणे नाचायला येतात. येत्या शनिवारी वाजवून दाखवा, ती तेवढी गप्प झालेली दिसली की दर शनिवार तुमचा.”

दादानं लगेच शब्द देऊन टाकला. छोटीला विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

दादाचंही अगदीच चूक होतं असं नाही. कित्येक वर्षं तो ढोल, झांजा, स्टँड सगळं गाडीत चढवत आणि उतरवत आला होता. त्याचे गुडघे बोलायला लागले होते. एका ठिकाणी ढोल मांडावा आणि तो मांडलेलाच राहावा, इतकंच त्याला हवं होतं. मोठं स्वप्न नव्हतं ते. पण आपल्या स्वप्नाला दुसऱ्याचं सामान बिनदिक्कत वापरायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

त्या संध्याकाळी दादाच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. दादा, त्याची बायको म्हणजे बँडची गायिका, बेस गिटार वाजवणारा लंबू आणि छोटी. वहिनीनं सगळ्यांना चहा दिला.

“एवढंसं तर आहे,” दादा म्हणाला. “पोटात थोडा स्पंज भरायचा, भोकांवर काळी चिकटपट्टी लावायची. हंबरणं बंद. लांबून कुणाला कळणार पण नाही.”

“मला कळेल.”

“तुला कळून काय करायचंय? ऐकायचंय लोकांनी.”

“आणि वाजवायचंय मी. स्पंज भरला की ती मुकी होते दादा. तिला पोकळ केलंय ते बोलण्यासाठी.”

“माझ्या ढोलात नाही का उशी? चांगली डोक्याखालची उशी कोंबलीय आत. त्याची काही तक्रार नाही.”

“ढोलाला तू दर ठेक्याला लाथ मारतोस. तो बिचारा कशाला तक्रार करतोय!”

लंबूला हसू आवरेना. वहिनीनं कपात तोंड लपवलं.

“हसा,” दादा म्हणाला. “शनिवार हातचा गेला की सगळे मिळून हसत बसा.”

“मी आवाज सांभाळून वाजवीन,” छोटी म्हणाली. “फुल्या मारीन, एकही हुं निघू देणार नाही, शब्द देते. पण पोटात काही भरणार नाही. भोकं बुजवणार नाही. विषय संपला.”

दादानं मान डोलावली. तिथंच छोटीनं सावध व्हायला हवं होतं. दादा मान डोलावतो तेव्हा तो समोरच्याचं ऐकत नसतो, स्वतःच्या मनातलं ऐकून डोलत असतो, हे तिला काही आजच कळलेलं नव्हतं. पण शनिवारी तिला दुकानातून थेट हॉलवर जायचं होतं, म्हणून आदल्या रात्री दादाकडची तालीम संपल्यावर भोपळा तिथंच ठेवून ती गेली. भावाच्या घरी गिटार ठेवताना कोण विचार करतं?

शनिवारी ती हॉलवर पोचली तेव्हा दादाचा ढोल मांडून झाला होता. तो झांजांना फडकं मारत होता आणि शीळ घालत होता. दादाची शीळ हे काही शुभलक्षण नव्हे. छोटीनं स्टेजमागच्या खोलीत जाऊन गिटारीची पेटी उघडली.

दोन्ही भोकांवर काळी चिकटपट्टी. अगदी व्यवस्थित, कडेला कडा जुळवून लावलेली. तारा नव्याकोऱ्या, चकाकणाऱ्या. तिनं गिटार उचलली तर ती जड लागली. बोटानं पोटावर टिचकी मारली. आवाज आला तो उशीवर मारल्यासारखा.

“दादा!”

दादा फडकं घेऊनच आला. चेहऱ्यावर नवऱ्या मुलाच्या बापाचा रुबाब. “ओरडू नकोस, आधी ऐक. आमच्या सोफ्याचा चांगला स्पंज कापून भरलाय, हलका म्हणून. आणि जुन्या तारा गंजल्या होत्या, त्या सगळ्या काढून नव्या घातल्या, माझ्यातर्फे. आणखी एक. तुझी ती लाकडी घोडी आहे ना, तारा टेकतात ती? तारा सोडल्याबरोबर ती माझ्या मांडीवर पडली. निखळलेलीच होती बघ! इतके दिवस तशीच वाजवत होतीस? सुताराचा गोंद लावून पक्की चिकटवून टाकलीय. आता जन्मात हलायची नाही.”

छोटीनं अंगठ्यानं घोडी ढकलून पाहिली. ती जागची हलली नाही.

या जातीच्या गिटारीची घोडी चिकटवलेली नसतेच. ती नुसती ठेवलेली असते. तारांच्या ताणानं दाबून जागच्या जागी राहते, आणि तिची जागा केसभर इकडची तिकडे झाली तर सगळे सूर बिघडतात. म्हणून तारा बदलताना एक काढायची, एक घालायची, मग दुसरी. सगळ्या एकदम कधी सोडायच्या नाहीत. हे गिटारवाल्याला पहिल्या महिन्यात कळतं. ढोलवाल्याला ते कळायचं काही कारण नव्हतं, आणि विचारायची त्याला सवय नव्हती.

तिनं वाजवून पाहिलं. खाली, दांडीच्या टोकाशी, सूर चालण्यासारखे होते. हात जसजसा पोटाकडे सरकला तसतसे ते आंबट होत गेले. अगदी वरचा सूर तर असा निघाला की दारातून डोकावणाऱ्या लंबूनं डोळे मिटून घेतले.

“घोडी चुकीच्या जागी आहे,” छोटी म्हणाली.

“अगं, अंदाजानं लावली. थोडं इकडेतिकडे असेल.”

“थोडं इकडेतिकडे म्हणजेच बेसूर, दादा.”

“मग वर जाऊ नकोस,” दादा म्हणाला. “आजच्या दिवस खालीच वाजव. नाचणाऱ्यांना कुठं वरचे सूर लागतात?”

हे तो अगदी सहज म्हणाला, आणि छोटीच्या अंगाची लाही लाही झाली. वर जाऊ नकोस, खालीच वाजव. आजवर त्यानं तिला हेच तर सांगितलं होतं, निरनिराळ्या शब्दांत. मध्ये उभी राहू नकोस, वहिनी झाकली जाते. लांबण लावू नकोस, लोक कंटाळतात. प्रत्येक वेळी तिनं स्वतःशी म्हटलं होतं, जाऊ दे, दादा आहे.

तेवढ्यात मॅनेजर आला. त्याच्या हातात एक चपटी लाल गिटार होती. त्यानं भोपळ्याकडे आणि मग छोटीच्या चपलांकडे पाहिलं. “काही अडचण असेल तर ही आहे हॉलची. कुठंही उभं राहा, चूं करत नाही.”

“बघ!” दादा म्हणाला. “देव पावला. घे ती.”

छोटीनं लाल गिटार हातात घेतली. चांगली होती ती, उगाच नावं कशाला ठेवा. सुरात होती, बोटांना सोपी होती. ती घेऊन उभं राहिलं असतं तर संध्याकाळ सुरळीत पार पडली असती, दादाचा ढोल मांडलेला राहिला असता, आणि पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी, ती कुठंही उभी राहून चूं न करता वाजवत राहिली असती. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं. तिला भीती वाटली, कारण ते दिसायला वाईट नव्हतं.

तिनं गिटार मॅनेजरला परत दिली. “आभारी आहे. माझी आहे माझ्याकडे. वहिनी, गरम पाणी मिळेल का कुठं? आणि एक पातळ पात्याची सुरी.”

“छोटे, अगं, लोक यायला लागतील!” दादा म्हणाला.

“येऊ देत. लोकांसाठीच हॉल आहे ना?”

वहिनी एक शब्द न बोलता गेली आणि चहाच्या खोलीतून किटली आणि सुरी घेऊन आली. छोटीनं तारा सैल केल्या. सुरीचं पातं गरम पाण्यात धरायचं, पुसायचं, घोडीच्या पायाखाली हलकेच सरकवायचं. गोंद मऊ झाला की आणखी थोडं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या हाताला घाई करता येत नाही, ही त्या हाताची पुण्याई. वहिनीनं गिटार मांडीवर धरून ठेवली होती. शेवटी कट्टकन आवाज आला आणि घोडी सुटली, पण जाताना बोटभर रंग आणि त्याखालची लाकडाची साल घेऊन गेली. नारिंगी छातीवर पांढरी जखम दिसली. छोटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही, लपवलंही नाही.

“वन्सं,” वहिनी हळूच म्हणाली, “मला खरंच माहीत नव्हतं. दिवाणखान्यातला सोफा बसका झालेला दिसला, पण मला वाटलं, यांचं वजन वाढलंय.”

एवढ्या रागातही छोटीला हसू फुटलं. मग दोघींनी मिळून चिकटपट्टी सोलली आणि केसातल्या आकड्यानं स्पंज ओढून काढायला सुरुवात केली. दादानं सढळ हातानं भरला होता. एकेक तुकडा बाहेर यायचा आणि जमिनीवर ढीग वाढत जायचा. दादा दारात उभा राहून बघत होता.

“तुझ्या भल्यासाठीच केलं ना,” तो शेवटी म्हणाला. “आणि विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.”

छोटीनं मान वर केली. “म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं.”

दादानं हातातल्या फडक्याची घडी घातली.

“उत्तर ठाऊक होतं, आणि तरी केलंस. जा, ढोल बघ तुझा.”

तो गेला. लंबू आत येऊन बसला आणि त्यानं आपल्या बेसवर सूर धरला. घोडी पोटावर ठेवायची, तारा ताणायच्या, मोकळी तार छेडायची, मग तीच तार बरोबर मध्यावर दाबून छेडायची. दोन्ही सूर एकच निघायला हवेत, फक्त दुसरा एक सप्तक वर. नाही निघाले तर घोडी किंचित सरकवायची. “अजून मागे, ताई,” लंबू म्हणायचा. “आता जास्त झालं. हां... हां... थांबा.” बाहेर खुर्च्यांची, बुटांची, गप्पांची वर्दळ वाढत होती. शेवटची तार जुळली तेव्हा मॅनेजर दारावर टकटक करत होता. फुल्या मारायला वेळच उरला नाही. दादानं ढोल मधोमध मांडून ठेवला होता, आणि छोटीसाठी उरली होती ती कोपऱ्यातली, तिच्या स्वतःच्या स्पीकरला खेटून असलेली जागा.

सुरुवात छान झाली. छोटी शब्दाला जागली. आवाज बेताचा ठेवला, खांदा वळवून उभी राहिली, भोपळ्यानं हुं की चूं केलं नाही. जोडपी नाचायला लागली. वहिनीचा आवाज त्या दिवशी लागलाही सुरेख होता. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात छोटीच्या एकटीच्या वाजवण्याची जागा होती. तिनं सूर उचलला, हात वर नेला, थेट वरपर्यंत, आणि एकूण एक सूर खणखणीत लागला.

फक्त तो हॉलमध्ये पोचला नाही.

तिला ते लगेच कळलं. तिच्या मागचा छोटा स्पीकर वाजत होता, पण हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून ती गायब झाली होती. पलीकडच्या भिंतीवरून ढोल परत येत होता, बेस परत येत होता, ती नव्हती. नाचणारे गोंधळून एकमेकांकडे बघत होते, गाण्यात अचानक खड्डा पडावा तसे. तिनं आवाजाच्या टेबलाकडे पाहिलं. मॅनेजर साउंडवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्यानं छोटीकडे बघून मान हलवली. पहिल्यांदाच तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. नाही, असं ती मान म्हणाली.

छोटीनं दादाकडे पाहिलं. दादालाही दिसलं होतं. त्यानं नजर झांजेकडे वळवली.

मग मात्र तिचा शब्द संपला. शब्द दिला होता तो वाजवू देतील म्हणून. गप्प बसूनही गप्पच करणार असतील, तर गप्प बसायचं कशासाठी?

ती वळली. लोकांकडे पाठ केली, आपल्या स्पीकरवरचं बटण शेवटापर्यंत फिरवलं, आणि भोपळ्याचं उघडं पोट त्याच्यासमोर धरलं.

आधी गुरगुर आली, जमिनीतून आल्यासारखी. मग तारा आपोआप थरथरायला लागल्या आणि भोपळा हंबरला. हॉलच्या टेबलाची, मोठ्या स्पीकरांची त्याला काही गरज नव्हती. तो सूर लाकडी जमिनीवरून गेला, खुर्च्यांखालून गेला, छताला लागला. छोटीनं एक पाऊल मागे घेतलं, खांदा वळवला, तळहात टेकवला. ओरडा वाकला, सूर झाला. तो तिनं धरून ठेवला, हवा तिथं वाकवला, वर नेला, आणखी वर. तिची छाती भरून आली होती. इतकी वर्षं चोरून केलेली गोष्ट ती भर सभेत करत होती, आणि तिला कुणाचीही पर्वा नव्हती.

ढोल थांबला. मग बेस थांबला. वहिनी केव्हाच थांबली होती. छोटीनं सूर पूर्ण करून, हळूहळू उतरवून, स्वतःच्या हातानं मिटवला. जोडपी एकमेकांचे हात धरून जागच्या जागी उभी होती. दादा उठला आणि घाईघाईनं वहिनीच्या माइकशी आला.

“माफ करा मंडळी,” तो म्हणाला. “जरा बिघाड झाला होता. आत्ता दुरुस्त करतो.”

छोटी चार पावलं चालत पुढे आली. मधोमध. तिनं दादाला कोपरानं बाजूला केलं, ढकललं नाही, नुसतं केलं, आणि माइकवर म्हणाली, “बिघाड नव्हता. मी वाजवत होते.”

हॉलच्या मागच्या बाजूला कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि ते हसणं चेष्टेचं नव्हतं. मॅनेजर नाचणाऱ्यांतून वाट काढत स्टेजशी आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “हे चालणार नाही,” तो दादाला म्हणाला. “पुढच्या शनिवारी या, पण यांना न घेता. नाहीतर येऊच नका.”

दादा त्याच्याकडे बघत राहिला, मग ढोलाकडे, मग छोटीकडे. “छोटे,” तो अगदी हळू, विनवल्यासारखा म्हणाला, “लाल गिटार अजून आत आहे. म्हण की चुकलं. एवढंच म्हण, बाकी मी बघतो.”

“तू बघतोस तेच पुरे झालं, दादा,” छोटी म्हणाली. “चुकलं नाही, तर म्हणू कशाला? पुढचा शनिवार तुझा तू ठरव. ढोल इथं ठेव नाहीतर गाडीत घाल, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण आजचं गाणं मी अर्धवट सोडणार नाही.”

मॅनेजर काहीतरी म्हणत होता. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती माइकपासून हलली नाही, आणि तिला हलवायला कुणी पुढे आलं नाही. वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि छोटीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“वन्सं,” तिनं विचारलं, “कुठून उचलू?”

“आपल्याला थांबवलं तिथूनच.”

छोटीनं तार छेडली. वहिनीनं सूर लावला. लंबूनं एकवार दादाकडे बघितलं, खांदे उडवले आणि बेस धरला. पहिलं कडवं ढोलाशिवाय गेलं, आणि जोडपी हळूहळू, पावलांनीच ठेका धरत, पुन्हा नाचायला लागली.

दुसऱ्या कडव्याला ढोल आला. थोडा चाचपडत, थोडा मागून, तिची लय धरून. छोटीनं वळून पाहिलं नाही.